हळदीच्या कॅप्सूलवाले सर

शेवटचं साधं काम आम्ही दोघांनी मिळून केलं ते बाटल्या धुवायचं. कॉलेजच्या मागच्या नळावर, सकाळी दहाच्या सुमाराला. औषधाच्या पांढऱ्या रिकाम्या बाटल्या, पोतंभर. सर पाटावर बसलेले, मी विटेवर. सरांनी बाटलीवरचा नंबर वाचायचा, वहीत खूण करायची, चिठ्ठी सोलायची आन बाटली माझ्याकडं सरकवायची. मी ती तीन पाण्यातून काढायची. दोन पाण्यात निघते, असं मी सुरुवातीलाच म्हणलो होतो. सर म्हणले, "कशावरून?" मंग मी तिसरं पाणी घालायला लागलो. त्यांच्याशी वाद घालण्यापरीस पाणी ओतणं सोपं.

त्या दिवशी सकाळी आम्ही रोजच्यासारखे होतो. संध्याकाळपर्यंत न्हाई राह्यलो. ते काय झालं ते सांगतोच, पण आधी हा माणूस सांगतो.

मी बदनापूरचा. चौथी शिकलेलो. जालना रोडला औषधशास्त्राचं एक छोटं कॉलेज हाये, तिथं मी शिपाई. कॉलेजात शिपायाला सगळे मामा म्हणतात, म्हणून मी मामा आन माझी मंडळी मामी. सर तिथं झाडपाल्याच्या औषधांचा विषय शिकवायचे. बायको लेकीकडं पुण्यात, हे इथं एक खोली करून राह्यचे. अंगावर मांस कसं ते न्हाईच. शर्ट खुंटीवर टांगल्यावाणी दिसायचा.

त्यांच्या तोंडात एकच शब्द, "कशावरून?" यंदा पाऊस बरा होईल म्हणलं की कशावरून. चहात साखर जास्त झाली म्हणलं की कशावरून. एकदा आमच्या क्लार्कनी त्यांना लेकीसाठी पोरगा बघायला सोबत नेलं. पोराचा बाप म्हणला, पोराला कसलंच व्यसन न्हाई. सर म्हणले, कशावरून? पोहे तसेच राह्यले आन सोयरीक मोडली. पुढं चार महिन्यांनी तो पोरगा कुठं सापडला ते समद्या बदनापूरला माहीत. तरी क्लार्क सरांशी वर्षभर बोलला न्हाई.

दुसरी खोड, चिठ्ठ्या. त्यांच्या चपलेला खालून चिठ्ठी चिटकवलेली, कोणत्या तारखेला घेतली. छत्रीला चिठ्ठी, हेल्मेटला चिठ्ठी. डब्यातली भाकर ते प्रयोगशाळेच्या काट्यावर मोजायचे आन लिहायचे. मी विचारलं, सर, भाकर मोजून काय मिळतं? ते म्हणले, "काल भूक जास्त होती असं मला वाटतं. वाटणं वेगळं, असणं वेगळं."

फोनवर कामाचं बोलायचे न्हाईत. फोनवर माणसाचं तोंड दिसत न्हाई, मंग खरं कसं कळायचं, म्हणायचे. दोन वाक्यांसाठी लुना घेऊन नवीन जालन्याला जाणारा माणूस. आता ते पुण्यात हायेत. बाटल्या धुतल्या त्याच्या चौथ्या दिवशी गेले. पोस्टकार्ड येतं. त्यात पहिल्या ओळीत माझं वजन विचारलेलं असतं आन दुसऱ्या ओळीत, काटा कोणता वापरला.

असा हा वाळका माणूस जाड माणसांच्या मागं लागला होता. त्याचं कारण एकदाच सांगितलं त्यांनी, ते बी मी विचारलं म्हणून. त्यांची आई फार जाड होती. गेली तवा खांद्याला आठ जण लागले. "आणि त्यातले दोघे हसले, मामा," म्हणले. पुन्हा तो विषय काढला न्हाई.

सरांचं म्हणणं असं, की जाड माणसाची चरबी म्हणजे नुसतं भरून ठेवलेलं पोतं न्हाई. ती आतल्या आत धुमसत राह्यते, राखेखालच्या आरावाणी. तिच्यामुळं अंगात बारीक सूज राह्यते. वरून दिसत न्हाई, रक्तात दिसते. करोनात ती सीआरपी नावाची तपासणी घरोघर माहीत झाली, तीच. गुडघे, शुगर, हृदय, सगळ्याच्या मुळाशी ही सूज. आन त्यांना बघायचं होतं, की हळदीचा अर्क काढून कॅप्सूलमधी दिला तर ही सूज उतरते का. हळद एकटी रक्तात जात न्हाई म्हणे, म्हणून तिला थोडा मिऱ्याचा अर्क जोडीला. हे सगळं त्यांनी आधी वर्षभर स्वतःवर केलं. त्या वर्षात त्यांची नखं कायम पिवळी. नवी नवरी सुद्धा एवढे दिवस पिवळी राहत न्हाई.

मंग कॉलेजनी परवानगी दिली, नवीन जालन्याचे एक डॉक्टर सोबत आले, समिती बसली. माणसं मात्र मिळेनात. जाड माणसाला जाड म्हणून बोलवलं तर कोण येईल? सर भर बाजारात दुकानदाराला सांगायचे, तुम्ही माझ्या कामाचे आहात, तुमचं पोट बघा. एका बियाणेवाल्या शेठनी हातातली फूटपट्टी उगारली होती. नंतर तोच शेठ पहिल्या दहात आला.

मला आन मंडळीला बी घेतलं. मी बराच जाड, ती माझ्यापेक्षा बरीच. तिचे गुडघे गेलेले. खाली बसणं पाच वर्षांपासून बंद. लग्नाकार्यात पंगतीला ती खुर्चीवर, एका कडेला, ताट मांडीवर घेऊन. तिला त्याची लाज वाटायची. सर घरी आले आन तिला चरबी धुमसते ते सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणली, "मंग सर, एवढा जाळ आत हाये तर हिवाळ्यात मलाच थंडी जास्त का वाजते?"

मी डोक्याला हात लावला. सरांनी वही काढून प्रश्न लिहून घेतला. तीन दिवसांनी लुनावरून परत आले, दारातच उभे राह्यले, म्हणले, मामी, चरबी आतली ऊब बाहेर येऊ देत नाही, म्हणून कातडी गार पडते. एवढं सांगून चहा न घेता गेले. मंडळी म्हणली, ह्या माणसाचं खोटं निघायचं न्हाई.

आता यातली खुबी अशी, की निम्म्या बाटल्यांत हळदीचा अर्क आन निम्म्यांत नुसतं मक्याचं पीठ, खायचा पिवळा रंग घातलेलं. कोणाला काय, हे घेणाऱ्याला ठाऊक न्हाई, देणाऱ्या सरांनाही न्हाई. कोणत्या नंबरात काय ते एका बंद पाकिटात, आन पाकीट प्रिन्सिपलच्या कपाटात. मी ह्यात आलो तसं सरांनी माझ्याकडून भरायच्या खोलीची किल्ली काढून घेतली. "आता तुम्ही तिथले शिपाई नाही, मामा. तुम्ही नंबर आहात." दोन्ही कॅप्सूल दिसायला एक, वजनाला एक. वास ओळखू येऊ नये म्हणून सगळ्या बाटल्यांना त्यांनी वरून हळद चोळलेली. कुठं फट ठेवली नव्हती.

दोन आठवडे मी न मंडळी आपापल्या बाटलीतली घ्यायचो. एका दुपारी ती गुडघा धरून भिंतीला टेकून बसली होती आन मला राहवलं न्हाई. माझ्या खिशात तंबाखू, चुन्याची डबी. हळदीला चुना लागला की लाल होते, हे ज्यानं मुरगळलेल्या पायाला हळद-चुन्याचा लेप लावला त्याला कोणाला बी माहीत. मी माझी एक कॅप्सूल उघडून तळहातावर घेतली, चुना लावला. लालभडक. तिची उघडली, चुना लावला. पिवळी ती पिवळीच.

म्हणजे मला औषध आन तिला पीठ. मी, ज्याला दोन जिने चढता येतात, त्याला औषध. मी तिथल्या तिथं दोन्ही बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाफेवर सोडवल्या आन अदलाबदल करून चिटकवल्या. तिला काहीच सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर तिनं घेतलं नसतं, सरांना कळवा म्हणली असती.

मंडळी त्यानंतर महिना आन चार दिवस जगली.

त्या महिन्यात टेंभुर्णीला तिच्या बहिणीच्या लेकीचं लग्न झालं. तिथं मंडळी पंगतीत खाली बसली. मांडी घालून न्हाई, एक पाय लांब करून, पण खाली, बायांच्या ओळीत. उठताना दोघींनी हात दिला. माझ्याकडं बघून तिनं नुसती मान हलवली. मी मनात म्हणलो, मी केलं हे.

मंग एका सकाळी मूग निवडताना तिच्या छातीत दुखलं. नवीन जालन्याला नेलं. हृदयाच्या नळ्यांची तपासणी केली. दोन दिवस होती. तिसऱ्या दिवशी न्हाई.

अभ्यासातलं माणूस गेलं म्हणून समिती बसली. पाकिटातून तिचा नंबर काढून बघितला. पिठात निघाला. मंग सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. प्रिन्सिपल मला भेटायला आले, डॉक्टर भेटले, सगळे एकच सांगायचे, मामा, मामींना नुसतं पीठ होतं, आपल्या औषधाचा काही संबंध न्हाई. चांगल्या मनानं सांगायचे. मला प्रत्येक वेळी वाटायचं, कोणी विंचू ठेवला हातावर. कारण एकट्या मला माहीत होतं तिच्या पोटात काय गेलं ते. पाकिटानं तिला पीठ दिलं होतं. औषध मी घातलं तिच्या तोंडात.

दहाव्याला तिची बहीण रडत रडत म्हणली, "दाजी, कशी चांगली बसली होती हो पंगतीला. मधीच काय झालं?" मला तिच्याकडं बघता आलं न्हाई. त्यानंतर तिनं तीनदा बोलावलं. एकदा पाय दुखतो म्हणलो, एकदा कॉलेज हाये म्हणलो, एकदा फोनच उचलला न्हाई. घरी जेवायला बसलो की दुसरा घास जायचा न्हाई. लोक म्हणायचे, मामा दुःखानं वाळले. दुःख होतंच. पण दुःखाला भूक लागते. ही दुसरीच गोष्ट होती.

अभ्यास संपला, पाकीट उघडलं. बियाणेवाला शेठ मधल्या काळात पेढ्याचा डबा देऊन गेल्ता, गुडघे पळायला लागले म्हणून. सरांनी डबा उघडू दिला नव्हता, वर चिठ्ठी लावून फ्रीजमधी ठेवला होता. शेठ पिठात निघाला. सर म्हणले, मामा, पेढे काढा आता. तवर त्यांना बुरशी आलेली. बाकी निकाल असा आला, की हळदवाल्यांची सूज रक्तात थोडी उतरली, वजन कोणाचं हललं न्हाई, आन गुडघे दोन्हीकडच्यांना सारखेच बरे वाटले. सरांनी तसंच्या तसं लिहिलं. जास्त न्हाई, कमी न्हाई.

आता त्या नळावर येतो. पोतं निम्मं झालं होतं. सरांनी एक बाटली उचलली, नंबर वाचला आन थांबले. चिठ्ठी सोलली न्हाई. म्हणले, "ही मामींची. यात नुसतं पीठ होतं, मामा. तेवढं तरी समाधान आहे."

आजवर कोणाला खोटं समाधान न दिलेला माणूस. त्याला ते माझ्यामुळं द्यावं लागत होतं. मी हातातली बाटली खाली ठेवली.

"सर, त्यात हळद होती. मी चिठ्ठ्या बदलल्या."

त्यांनी हातातली बाटली बाजूला ठेवली. मंग विचारलं, कोणत्यात काय ते कसं ओळखलं? मी म्हणलो, चुना लावून. सरांनी नुसता हात पुढं केला. मी डबी दिली. ते आत गेले, उरलेल्या दोन कॅप्सूल घेऊन आले, पायरीवर बसून दोन्ही तळहातावर सोडल्या, चुना लावला. एक लाल झाली. एक न्हाई.

"रंग पाहिला, वास पाहिला, चव पाहिली, वजन पाहिलं," म्हणले. "आणि इथं निम्म्या लोकांच्या खिशात चुना आहे, हे नाही पाहिलं."

मला वाटलं आता हाणतील. हाणलं असतं तर बरं वाटलं असतं. पण त्यांनी हात धुतले आन विचारलं, किती दिवस? म्हणलं, महिना न चार दिवस. चुकली का एखादी? न्हाई, मी स्वतः द्यायचो. त्यांनी वहीत लिहिलं, कपाटातून तिची फाईल काढली, पिशवीत घातली आन लुना चालू केली. कुठं ते विचारायची माझी छाती झाली न्हाई. जाताना म्हणले, बाटल्या तशाच राहू द्या.

मी विटेवर बसून राह्यलो. दुपार झाली, कॉलेज सुटलं, क्लार्क कुलूप लावायला आला, त्याला म्हणलो मी लावतो. मनात दोनच गोष्टी. सरांनी येऊन, हो, औषधानंच गेली, म्हणलं तर मी नवरा न्हाई, मारणारा. आन हा माणूस मन राखायला न्हाई म्हणणार न्हाई.

पाचच्या सुमाराला लुना आली. हेल्मेट न काढताच बोलायला लागले.

"बसा, मामा."

"उभा बरा हाये."

"डॉक्टरांना सगळं सांगितलं. तुम्ही काय केलं तेही. त्यांनी मामींच्या हृदयाच्या तपासणीची चित्रं पुन्हा लावली, मी शेजारी बसून पाहिली. तिन्ही नळ्या बंद होत्या. आत कॅल्शियम धरलेलं, दगडासारखं. तसं धरायला वर्षं लागतात. आधीचं रक्त, मधलं रक्त, दवाखान्यातलं रक्त, तिन्ही कागद ताडले. यकृत ठीक, रक्त गोठण्याचं ठीक. कॅप्सूलनं काही बिघडवल्याची खूण कुठंच नाही." श्वास घेतला त्यांनी. "मामी तुमच्या हातानं गेल्या नाहीत."

मी वाट बघितली. सरांच्या वाक्याला शेपूट असतं, पण, तरी, सांगता येत नाही. ह्या वाक्याला शेपूट आलं न्हाई.

मी म्हणलो, "कशावरून, सर?"

त्यांना राग आला न्हाई. उलट हेल्मेट काढून बाजूला ठेवलं, पायरीवर फाईल उघडली आन एकेक कागद वाचला. इंग्रजीतली ओळ वाचायची, मराठीत सांगायची, कळलं का विचारायचं. कळलं न्हाई तर पुन्हा. त्यांनी मला अख्खी फाईल शिकवली. उजेड कमी झाला तसे आम्ही दाराजवळ सरकलो. मी विचारलं, पीठच चालू ठेवलं असतं तर? ते म्हणले, तरी त्या नळ्या तशाच होत्या. म्हणजे मी मारलं न्हाई आन मला वाचवताही आलं नसतं. दोन्ही ऐकून मला एकदम ढेकर आली, रिकाम्या पोटाची. सर म्हणले, होतं असं.

मंग माझ्यावर रागवायचं राह्यलं होतं, ते केलं. नवरा म्हणून काय केलं ते तुमचं तुम्ही बघा, पण नंबर म्हणून चूक केली. तुम्ही केलं तसं आणखी कोणी केलं असेल, तर माझा निकाल पिठाचा. हे सगळं मी उद्या समितीला कळवणार, लेखी. मी म्हणलो, सर, रिटायर व्हायला चार दिवस राह्यले, कशाला? त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी पुढं बोललोच न्हाई. आन खरंच कळवलं त्यांनी. निकाल भरवशाचा राह्यला न्हाई असं स्वतःच्या कामावर स्वतः लिहून हा माणूस पुण्याला गेला.

निघताना मी एकच विचारलं. सर, ती पंगतीला खाली बसली होती. ते कॅप्सूलनं का?

"म्हणता येत नाही, मामा. शेठचेही गुडघे पळायला लागले होते, पिठावर."

त्यांना म्हणता येत नसंल. मला येतं. ती बसली होती, मी बघितली होती, आन आता त्या आठवणीच्या मागं तिच्या मरणाचा दोष उभा नव्हता. घरी येऊन आडवा झालो ते कपडे न बदलता, आन उजाडल्यावरच उठलो.

सकाळी पहिल्या एसटीनं जालन्याला, तिथून टेंभुर्णीची धरली. मेहुणी दारात भांडी घासत होती. मला बघून उठली, हात पदराला पुसले. तिनं पाणी आणायच्या आधीच मी सांगून टाकलं. चिठ्ठ्या, चुना, महिना न चार दिवस, हृदयाच्या नळ्या, सगळं, उभ्या उभ्या. ती ऐकत राह्यली. मधी एकदा डोळे पुसले. झाल्यावर म्हणली, "एवढं पोटात धरून बसलात दाजी, पाच महिने?" आन आत जाऊन तवा ठेवला.

ज्वारीच्या भाकरी आन शेपूची भाजी होती. तिनं दोन वाढल्या. तिसरी मी मागून घेतली.